गिटारची स्वरशुद्धी

गिटारच्या दांडीवरील कोणत्याही पडद्यावर तार दाबली असता अपेक्षित स्वर अचूक निघणे, या गुणास गिटारची स्वरशुद्धी म्हणता येईल. मोकळ्या तारा स्वरात मिळविणे ही तिची केवळ पहिली पायरी होय. सहाही तारा बिनचूक मिळविल्यानंतरही बाराव्या पडद्याच्या आसपासचे स्वर चढे लागतात, असा अनुभव अनेक शिकाऊ वादकांना येतो आणि पुष्कळदा ते हा दोष आपल्या कानाचा किंवा बोटांचा समजतात. वस्तुतः तो पडद्यांच्या वाद्यांच्या रचनेतच आहे. त्याच्या निवारणाचे काम प्रथम वादकाकडे होते, पुढे ते कारागिराकडे गेले आणि विसाव्या शतकात पुन्हा काही अंशी वादकाच्या हाती आले.

तारेचा स्वर तिची लांबी, ताण व एकक लांबीचे वस्तुमान यांवर अवलंबून असतो. फ्रेंच विद्वान मारँ मेर्सेन (१५८८–१६४८) यांनी हे संबंध आपल्या १६३६-३७ मधील ग्रंथात नियमबद्ध केले. गणिताप्रमाणे तारेच्या बरोबर मध्यावर पडदा बसविला, तर मोकळ्या तारेच्या दुप्पट कंप्रतेचा स्वर मिळावयास हवा. परंतु पडद्यापर्यंत दाबताना तार किंचित ताणली जाते, तिचा ताण वाढतो व स्वर चढतो. तारेच्या अंगच्या ताठरपणामुळे या चढेपणात आणखी भर पडते. म्हणून घोडी गणिताने येणाऱ्या स्थानापेक्षा थोडी मागे सरकवून तारेची लांबी वाढवावी लागते. ही वाढ प्रत्येक तारेस सारखी नसते. सामान्यतः जाड गाभ्याच्या तारेस ती अधिक लागते. विद्युत् गिटारमध्ये वेटोळे नसलेल्या तिसऱ्या तारेचा आधार वेटोळ्याच्या चौथ्या तारेच्या आधारापेक्षा मागे असतो, त्याचे कारण हेच.

सोळाव्या शतकातील ल्यूट, विहुएला आणि तत्कालीन गिटार या वाद्यांचे पडदे आतड्याच्या तातीचे असून ते दांडीभोवती बांधलेले असत. वादक ते कानाने पारखून मागेपुढे सरकवी. स्पेनमधील हुआन बेर्मूदो यांच्या १५५५ च्या ग्रंथात विहुएलाच्या पडद्यांच्या स्थानांची चर्चा आढळते. प्रख्यात शास्त्रज्ञ गॅलिलीओ यांचे वडील व्हिन्चेन्त्सो गॅलिली यांनी १५८१ मध्ये ल्यूटसाठी एक सोपा नियम दिला : उरलेल्या लांबीचा अठरावा भाग मोजून पुढचा पडदा बसवावा. समान अर्धस्वरांसाठी हा भाजक १८ ऐवजी सु. १७.८१७ असावयास हवा. त्यामुळे ६५० मिमी. लांबीच्या तारेवर बारावा पडदा वरच्या पट्टीपासून ३२५ मिमी. ऐवजी सु. ३२२.६ मिमी. वर येतो आणि गणिताने तेथील स्वर थोडा उतरतो. मात्र तार दाबल्याने स्वर चढत असल्याने या दोन चुका काही प्रमाणात एकमेकींना खोडून काढीत. कारागिरांनी हा नियम दीर्घकाळ वापरला, त्याचे रहस्य काहीसे यातच आहे.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात गिटारवर सहा एकेरी तारा व धातूचे वा हस्तिदंताचे पक्के पडदे रूढ होऊ लागले. स्पॅनिश कारागीर आंतोन्यो दे तोर्रेस (१८१७–९२) यांच्या वाद्यांमुळे सु. ६५० मिमी. लांबी प्रमाणभूत ठरली. पक्क्या पडद्यांमुळे वाद्य टिकाऊ झाले. तथापि पडदा सरकविण्याचे वादकाचे स्वातंत्र्य संपले. ते परत मिळविण्याचे प्रयत्नही झाले. इंग्लंडमध्ये टॉमस पेरोनेट टॉम्सन यांनी १८२९ मध्ये पडद्यांची स्थाने बदलता येतील अशा गिटारसंबंधी पुस्तिका प्रसिद्ध केली आणि लंडनचे कारागीर लुई पानोर्मो यांनी तशी वाद्ये घडविली. पॅरिसमध्ये रने लाकोत यांनीही समायोज्य पडद्यांची गिटार तयार केली. परंतु वादनास गैरसोयीची असल्याने अशी वाद्ये प्रचारात टिकली नाहीत.

याच प्रश्नाचे दुसरे रूप भारतीय संगीतात दिसते. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात व रागानुसार ते सरकविता येतात. उलट पेटीचे स्वर ठरलेले असतात. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी बावीस श्रुतींची मोजणी करून ई. क्लेमंट्स यांच्या सहकार्याने श्रुति-हार्मोनियमचा पुरस्कार केला, तो याच अडचणीतून. तेथेही सोय आणि सूक्ष्म स्वर यांच्या ओढाताणीत सोयीची सरशी झाली.

विसाव्या शतकात पोलादी तारांचा प्रसार झाल्यावर गिटारच्या घोडीवरील हाडाची पट्टी तिरपी बसविण्यात येऊ लागली, त्यामुळे जाड तारांना अधिक लांबी मिळाली. विद्युत् गिटारने पुढचा टप्पा गाठला. फेंडर कंपनीच्या १९५० च्या सुमाराच्या गिटारमध्ये दोन-दोन तारांना मिळून एक असे तीन सरकते आधार होते. १९५४ मध्ये आलेल्या तिच्या स्ट्रॅटोकॅस्टर या गिटारला प्रत्येक तारेसाठी स्वतंत्र आधार मिळाला. गिब्सन कंपनीनेही त्याच सुमारास सहा स्वतंत्र आधारांची घोडी प्रचारात आणली. पडदे जागचे हलत नसले, तरी तारेची लांबी स्क्रूने बदलण्याची सोय यामुळे वादकास घरच्या घरी उपलब्ध झाली.

ही तपासणी करण्याची रीत सोपी आहे. प्रथम नव्या तारा लावाव्यात. झिजलेली वा असमान जाडीची तार कोणत्याही लांबीला शुद्ध बोलत नाही. दांडीचा बाक व तारांची उंची आधी ठीक करावी, कारण त्यांत नंतर बदल केल्यास स्वरही बदलतात. वाद्य वाजविताना धरतात त्याच स्थितीत धरून तार मिळवावी. नंतर बाराव्या पडद्यावर तारेस बोट नुसते टेकवून प्रसंवादी स्वर काढावा व त्याच जागी तार नेहमीच्या दाबाने दाबून निघणाऱ्या स्वराशी तो ताडून पाहावा. दाबलेला स्वर चढा असल्यास आधार मागे, म्हणजे दांडीपासून दूर न्यावा. उतरता असल्यास पुढे आणावा. आधार हलविण्यापूर्वी तार सैल करावी आणि हलविल्यावर ती पुन्हा मिळवूनच फरक पाहावा. दोन्ही स्वर जुळेपर्यंत ही कृती करावी. केवळ पहिल्या दोन-तीन पडद्यांवरच स्वर चढत असतील, तर दोष बहुधा वरच्या पट्टीतील उथळ खाचांचा असतो व घोडी हलवून तो जात नाही. साध्या गिटारची हाडाची पट्टी मात्र सरकत नाही. तिची कड कानशीने घासावी लागते. घासलेले हाड भरून येत नसल्याने हे काम जाणत्या कारागिरावर सोपविणे श्रेयस्कर ठरते.

स्वर ताडण्याचे काम पूर्वी कानानेच होई. अमेरिकेत १९३६ मध्ये स्वर मोजणारे स्ट्रोबोस्कोपिक यंत्र बाजारात आले, तर १९७५ मध्ये जपानच्या कॉर्ग कंपनीने हातात मावणारे, काट्याचे विद्युतीय उपकरण आणले. आता भ्रमणध्वनीवरही ही सोय आहे. अशी उपकरणे फरक सेंटमध्ये दाखवितात. हे एकक इंग्लंडचे अलेक्झांडर एलिस यांनी १८८५ मध्ये रूढ केले असून समविभाजित सप्तकातील एका अर्धस्वराचे १०० सेंट होतात.

तथापि घोडी कितीही काळजीपूर्वक लावली, तरी एक विसंवाद राहतोच. पक्के पडदे सप्तकाचे बारा समान भाग करतात. त्यामुळे षड्जापासूनचा तीव्र गांधार (हिंदुस्थानी पद्धतीतील शुद्ध गांधार) ४०० सेंटवर येतो, तर नैसर्गिक गांधार सु. ३८६ सेंटवर असतो. ई स्वराच्या तीव्र संघातात तिसऱ्या तारेवरील गांधार चढा वाटतो, म्हणून ती तार उतरविली, तर सी स्वराच्या संघातात तीच मोकळी तार उतरती लागते. शिकाऊ वादक येथे तारा पुनःपुन्हा पिळीत राहतो आणि आपलाच कान कच्चा असे मानतो. प्रत्यक्षात त्याच्या कानाला हा फरक कळतो, हे कान तयार झाल्याचेच लक्षण होय. घोडीचा दोष स्क्रूने निघतो. बारा समान भागांच्या सप्तकाने पत्करलेली तडजोड मात्र गिटारसोबत स्वीकारावी लागते.