एट्सी : तासाभराच्या धास्तीपासून दोन मिनिटांच्या बटणापर्यंत

हाताने केलेल्या वस्तूंची ऑनलाइन बाजारपेठ म्हणून २००५ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये एट्सी सुरू झाली. साइट बंद पडली की दागिने घडवणाऱ्या, स्वेटर विणणाऱ्या हजारो घरगुती कारागिरांची विक्री थांबे. आणि नवा कोड चढवायचा दिवस म्हणजे साइट पडण्याचा धोका. डेव्हऑप्सची, म्हणजे डेव्हलपमेंट आणि ऑपरेशन्सने एकत्र काम करण्याची, चर्चा आपल्याकडे बहुधा साधनांच्या नावांपासून सुरू होते. एट्सीचा इतिहास वाचावा तो यासाठी, की तिथे खरा फरक पडला तो कामाची वाटणी बदलल्यावर.

सुरुवातीची वाटणी नेहमीचीच होती. डेव्हलपरनी पीएचपी लिहायचं, डेटाबेसवाल्यांनी एसक्यूएल सांभाळायचं, सर्व्हरला हात लावायचा तो ऑपरेशन्सने. या भिंती तशाच ठेवून काम वेगाने व्हावं म्हणून कंपनीने ‘स्प्राउटर’ नावाचा मधला थर बांधला. डेव्हलपर आणि डेटाबेसवाले तिथे एकमेकांना भेटतील, अशी कल्पना होती. झालं उलटंच. पानावर छोटीशी सोय वाढवायची तरी दोन्ही बाजूंचं वेळापत्रक जुळवावं लागे आणि अडकलेल्या कामाला कोणीच वाली नसे. पुढे स्प्राउटर टप्प्याटप्प्याने काढून टाकावा लागला. आज हिंजवडीत किंवा ऐरोलीत एखादी कंपनी डेव्हलपमेंट आणि ऑपरेशन्सच्या मध्ये ‘डेव्हऑप्स टीम’ नावाचा तिसरा विभाग उघडते, तेव्हा ती माणसांचा स्प्राउटरच बांधत असते, असं माझं स्पष्ट मत आहे.

२००८ मध्ये चॅड डिकरसन याहूमधून एट्सीत तंत्रज्ञानप्रमुख म्हणून आले. २००९ च्या जूनमध्ये फ्लिकर या फोटो-साइटचे जॉन ऑलस्पॉ आणि पॉल हॅमंड यांनी व्हेलॉसिटी परिषदेत, आम्ही दिवसाला दहा वेळा कोड चढवतो, हे जाहीरपणे सांगितलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पॅट्रिक डेबोआ यांनी बेल्जियममधल्या गेंटला पहिली ‘डेव्हऑप्सडेज’ परिषद भरवली. २०१० मध्ये ऑलस्पॉ एट्सीत दाखल झाले.

त्याआधी साइटवर कोड चढवायला तीन डेव्हलपर आणि एक ऑपरेशन्स इंजिनिअर लागत, बाकीचे तयारीत बसत आणि सगळं सुरळीत झालं तरी तासाहून जास्त वेळ जाई. मग ‘डिप्लॉयनेटर’ आलं : वेबपानावर दोन बटणं. चॅटरूममधल्या रांगेत आपला नंबर लागला की पहिलं बटण दाबून कोड ‘प्रिन्सेस’ नावाच्या चाचणी-साइटवर न्यायचा, तिथे तपासायचा, मग दुसऱ्या बटणाने खऱ्या साइटवर. एक माणूस, दोन मिनिटांच्या आत. बटण दाबणारा तोच, ज्याने कोड लिहिला. दाबल्यावर समोरच्या आलेखांवर नजर ठेवणाराही तोच. आलेखावर प्रत्येक डिप्लॉयची उभी रेघ उमटे, त्यामुळे रेघेनंतर एरर वाढल्या तर कोणालाच काही विचारावं लागत नसे. हे आकडे सहज गोळा व्हावेत म्हणून एट्सीने ‘स्टॅट्सडी’ लिहिलं आणि २०११ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं.

बदल लहान ठेवले जात. अर्धवट सोय तिचा फ्लॅग (कोडमधला चालू-बंद स्विच) बंद ठेवून साइटवर जाई आणि नंतर हळूहळू उघडली जाई. नवा इंजिनिअर पहिल्याच दिवशी कंपनीच्या पानावर स्वतःचा फोटो चढवून डिप्लॉय करी. नवख्याच्या हातात पहिल्या दिवशी बटण देणं, याहून मोठा विश्वास कंपनी दुसरा कोणता दाखवणार?

हा विश्वास टिकला तो चुकांच्या हाताळणीमुळे. २०१२ मध्ये ऑलस्पॉ यांनी बिघाडाचं दोषारोपाविना पोस्टमॉर्टेम कसं करायचं, हे लिहिलं. ज्याच्या हातून साइट पडली, त्याने त्या वेळी काय दिसलं, काय गृहीत धरलं, हे शिक्षेच्या भीतीशिवाय सविस्तर सांगायचं. कारण ती माहिती दुसऱ्या कोणाजवळ नसते. वर्षातल्या सर्वात थक्क करणाऱ्या चुकीला तीन बाह्यांचा खराखुरा स्वेटर बक्षीस मिळे.

‘आमचे नियम कडक आहेत’ असं मुंबईच्या बँका आणि विमा कंपन्यांतून हमखास ऐकू येतं. एट्सीलाही कार्डाच्या व्यवहारांचे पीसीआय नियम पाळावे लागत. त्यांनी तेवढा भाग वेगळा काढला, तिथली जबाबदाऱ्यांची वाटणी कडक ठेवली आणि उरलेली साइट मोकळी ठेवली.

२०१५ मध्ये कंपनीचे शेअर नॅसडॅकवर आले. २०१७ मध्ये डिकरसन यांना सीईओपद सोडावं लागलं, नोकरकपात झाली, ऑलस्पॉही बाहेर पडले. नंतर कंपनीने स्वतःची डेटासेंटर्स सोडून गूगल क्लाउड धरला. चांगली अभियांत्रिकी धंद्याच्या चढउतारांपासून कोणाला वाचवत नाही आणि तशी तिच्याकडून अपेक्षाही धरू नये.

तुमच्याकडे शेवटचा मोठा बिघाड झाला, त्यानंतरच्या बैठकीचं टिपण उघडून पाहा. त्यात घटनाक्रमापेक्षा माणसांची नावं जास्त असतील, तर नव्या साधनाचा प्रस्ताव थोडा थांबवा आणि आधी ते टिपण पुन्हा लिहायला घ्या.