केळदची वाट

इतिहास म्हटला की राजे आणि लढाया डोळ्यांपुढे उभ्या राहतात. आम्ही कामगार चळवळीत आयुष्य घालविलेली माणसे. आमचा पहिला प्रश्न निराळा असतो : राजांचे ओझे कोणी वाहिले आणि कोणत्या वाटेने? श्रोतेहो, हाच प्रश्न घेऊन आज केळद या लहानशा गावाकडे पाहू या.

तोरण्याच्या पायथ्याचे वेल्हे सोडून पश्चिमेकडे गेले की सह्याद्रीच्या धारेवर केळद लागते. पुढे कडा आणि कड्याखाली कोकण. येथून उपांड्या व मढे या घाटांच्या जुन्या पायवाटा महाडच्या बाजूस उतरतात. 1670 साली सिंहगडावर तानाजी मालुसरे पडले. त्यांचा देह मढे घाटानेच उमरठ्यास नेला, अशी परंपरा आहे. राजगड आणि रायगड या दोन राजधान्यांच्या मधला हा मुलूख. तेव्हा केळद हे आडगाव नव्हते, वाटेवरचे गाव होते.

मग ते आडगाव झाले कसे? डोंगर तर जागचा हललेला नाही! बदलले ते चाकामुळे. हमालाच्या डोक्याला आणि बैलाच्या पाठीला पायवाट पुरते. गाडीला बेताची चढण लागते. इंग्रजी अमदानीत भोरहून महाडकडे जाणारा गाडीरस्ता दक्षिणेस वरंधा घाटातून निघाला. माल चाकावर चढला आणि चाकामागोमाग गेला. केळद मागे राहिले.

भोर संस्थानचा मुलूख घाटाच्या दोन्ही अंगांना होता. वर प्रचंडगड व राजगड हे तालुके, तर खाली कोकणात सुधागड. 8 मार्च 1948 रोजी संस्थान विलीन झाले आणि सुधागड कुलाबा जिल्ह्यात गेला. घाटावरचा मुलूख पुणे जिल्ह्यात आला व त्याचे तोंड पुण्याकडे वळले.

इंग्लंडातील खेड्यांचीही कथा ऐकण्याजोगी आहे. 1555 च्या कायद्याने प्रत्येक पॅरिशच्या लोकांनी आपल्या हद्दीतील रस्त्यावर वर्षाला चार दिवस फुकट राबावे, असे ठरले. लवकरच चाराचे सहा दिवस झाले. रस्त्यावरून गाड्या धावत परक्यांच्या आणि खडी टाकी गावकरी. आपल्याकडे यालाच वेठ म्हणतात. ही वेठ सुटण्यास 1835 साल उजाडावे लागले.

आपल्याकडे 1972 च्या दुष्काळात हजारो स्त्री-पुरुषांनी खडी फोडली, रस्ते घातले. त्या घामातूनच रोजगार हमीचा कायदा 1977 साली संमत झाला व 1979 पासून अमलात आला. रस्त्याचे काम हा मजुराचा हक्क ठरला, ही मोठीच गोष्ट होय. परंतु रस्ता कोठून जावा, हे ठरविण्याचा हक्क मजुराच्या हाती आला काय? तो अद्याप यावयाचा आहे.

आता वेल्ह्याहून केळदला मोटार जाते. पावसाळ्यात मढे घाटाचे धबधबे पाहण्यास शहरातली मंडळी गर्दी करतात आणि ‘किती दुर्गम गाव!’ असे म्हणून परततात. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते की, दुर्गमपणा हा केवळ डोंगराचा गुण नव्हे. रस्ता एका खिंडीतून न्यावयाचा, दुसरीतून नाही, असे माणसे ठरवितात, तेव्हा एखादे गाव दुर्गम होते. जे माणसांनी ठरविले, ते माणसांना बदलताही येते. मात्र त्या बैठकीत केळदचा माणूस बसला पाहिजे.