ठिणगीचा मुहूर्त

पेट्रोलच्या इंजिनांत ठिणगी पाडणें हें फारसें अवघड काम नव्हे. ती योग्य क्षणीं पाडणें हें खरें अवघड. दट्ट्या वर चढत येऊन हवा व पेट्रोल यांचें मिश्रण पुरतें दाबलें जाण्याच्या किंचित् आधीं ठिणगी पडली, म्हणजे स्फोटाचा जोर दट्ट्याला खालीं रेटण्याच्या कामीं येतो. ती फार लवकर पडली तर वर येणाऱ्या दट्ट्याला वाटेंतच तडाखा बसतो. उशिरां पडली तर बरीचशी शक्ति नुसत्या उष्णतेच्या रूपानें वायां जाते.

पॅरिसमध्यें एतिएन लेन्वार यानें १८६० सालीं केलेल्या वायूच्या इंजिनांत विजेचीच ठिणगी होती. १८८६ सालीं कार्ल बेंझ यानें ज्या तीनचाकी गाडीचें पेटंट घेतलें, तींतही त्यानें बॅटरी व कॉइल यांचा आश्रय केला. गोटलीब डाइमलर यानें मात्र निराळा मार्ग धरला. त्याच्या इंजिनाच्या अंगाला एक लहान नळी असे. ती बाहेरून ज्योतीनें लाल तापवून ठेवावयाची, आणि दाबलेलें मिश्रण तींत शिरलें कीं पेट घेई. युक्ति साधी, परंतु पेटण्याची वेळ माणसाच्या हातीं नाहीं, आणि पेट्रोलच्या शेजारीं सदा उघडी ज्योत!

ही ज्योत घालविण्याचें श्रेय पुष्कळसें श्टुटगार्टच्या रॉबर्ट बॉशकडे जातें. १८८७ सालीं त्यानें जागेवर बसविलेल्या इंजिनासाठीं मॅग्नेटो तयार केला. १८९७ सालीं तो एका तीनचाकी मोटारीला लावला. आणि १९०२ सालीं त्याचा सहकारी गोटलोब होनोल्ट यानें उच्च दाबाची वीज देणारा मॅग्नेटो व त्याला साजेसा स्पार्क प्लग सिद्ध केला. मॅग्नेटोला बॅटरी लागत नाहीं हा त्याचा मोठा गुण. पण तो जितका जलद फिरेल तितकी ठिणगी सबळ. म्हणजे हँडल मारून गाडी सुरू करतांना, जेव्हां ठिणगीची गरज अधिक, तेव्हांच ती दुबळी.

१९०८ सालीं आलेल्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’ गाडींत चार सिलिंडरांना चार निरनिराळ्या कॉइली होत्या, आणि ठिणगीची वेळ पुढें-मागें करण्याचा दांडा चालकाच्या डाव्या हाताशीं होता. हँडल मारण्यापूर्वीं तो वर सारून ठिणगी उशिरां पडेल असें करावयाचें. तेवढें विसरलें कीं स्फोट अवेळीं होऊन हँडल उलटें फिरे आणि मनगट मोडे. हँडल धरतांना आंगठा बोटांच्याच बाजूस ठेवावा, ही त्या काळची शिकवण यासाठींच होती.

या अडचणींतून वाट काढली ती ओहायो प्रांतांतील डेटन गांवच्या चार्ल्स केटरिंग यानें. दुकानांतील गल्ल्याचीं यंत्रें बनविणाऱ्या कंपनींत तो नोकरीस होता. एडवर्ड डीड्स या मित्राच्या घरामागील कोठारांत, फावल्या वेळीं सहकाऱ्यांना जमवून त्यानें प्रयोग केले. त्यांची योजना १९१० च्या कॅडिलॅक गाड्यांत आली, आणि १९१२ च्या कॅडिलॅकमध्यें विजेनें इंजिन सुरू करण्याची सोय होऊन हँडलाची धास्तीही सरली. त्याच्या कंपनीच्या नांवाचीं आद्याक्षरें जुळवून ‘डेल्को’ हा शब्द झाला. स्पॅनिश भाषेंत तर डिस्ट्रिब्यूटरलाच ‘डेल्को’ म्हणूं लागले.

केटरिंगच्या पद्धतींत कॉइल एकच. तिच्या जाड तारेंतून बॅटरीचा प्रवाह जात असतां एक लहानसा कंगोरा पॉइंटांची जोडी उघडतो. प्रवाह तुटतो, आणि त्याच क्षणीं बारीक तारेंत हजारों व्होल्टांचा दाब उत्पन्न होतो. ही वीज टोपीच्या मध्यावर येते आणि तेथून फिरता रोटर ती ज्याच्या त्याच्या सिलिंडरकडे पोंचवितो. क्षण ठरविणारा आणि वांटणी करणारा असे दोन कारभारी एकाच दांड्यावर बसविले, यांतच डिस्ट्रिब्यूटरची सारी खुबी आहे.

परंतु चालकाच्या हातची जोखीम गेली ती मिस्त्रीच्या हातीं आली. चार टप्प्यांच्या इंजिनांत प्रत्येक दट्ट्या एका ठिणगीमागें दोनदां वर येतो. एकदां मिश्रण दाबण्यासाठीं, एकदां जळका धूर बाहेर लोटण्यासाठीं. डिस्ट्रिब्यूटर क्रँकच्या निम्म्या वेगानें फिरतो, म्हणून तो बसवितांना दोहोंतील कोणती ‘वरची जागा’ धरली हें पाहिलेंच पाहिजे. चुकीची धरली तर रोटर नेमका अर्धा फेरा उलटा बसतो. मग इंजिन सुरू होत नाहीं; कार्ब्युरेटरमधून भडका तरी उडतो, नाहीं तर सायलेन्सरमध्यें बार होतो.

१९२७ च्या डिसेंबरांत आलेल्या फोर्डच्या ‘मॉडेल ए’ मध्यें यावर नामी तोड होती. इंजिनाच्या पुढच्या झांकणांतील खिळा काढून उलटा घालावयाचा आणि हँडल हळू फिरवावयाचें. खिळ्याचें टोंक आंतल्या चाकाच्या खळगींत पडलें कीं पहिल्या सिलिंडरची वेळ साधली. ही खळगी कॅमशाफ्टच्या चाकावर असल्यामुळें दोन फेऱ्यांत एकदांच सांपडते. पुढें पुष्कळ कारखानदारांनीं खूण क्रँकच्या पुलीवर केली. ती प्रत्येक फेऱ्यास येते, आणि घोटाळ्याला पुन्हां जागा झाली. १९३२ च्या फोर्ड व्ही-८ मध्यें व ल्यूकसच्या पुष्कळ इंग्रजी डिस्ट्रिब्यूटरांत दांड्याची जीभ मध्यापासून जरा बाजूला ठेवली, म्हणजे ती एकाच प्रकारें बसावी. तथापि खालचा चालकदांडाच कोणी काढून भलता बसविला असेल, तर ही जीभही फसते.

मुंबईच्या कुर्ल्यास बनलेल्या फियाट ११०० चा आणि बंगालमधील उत्तरपाड्याच्या १४८९ सीसी ॲम्बॅसेडरचा ठिणगीचा क्रम एकच, १-३-४-२. म्हणून एकीचा डिस्ट्रिब्यूटर दुसरीला चालेल असें मात्र नाहीं. फिरण्याची दिशा, दांड्याची लांबी, आंतील वजनें व स्प्रिंगा हीं सारीं त्या त्या इंजिनासाठीं ठरलेलीं असतात. वेग वाढला कीं ठिणगी किती लवकर आणावयाची, हें त्या वजनांवर अवलंबून असतें. अंगावर कोरलेला क्रमांक पुस्तकाशीं ताडून पाहावा. नुसता भोंकांत बसला एवढ्यानें तो त्या गाडीचा ठरत नाहीं.

विसाव्या शतकाच्या शेवटच्या तीन दशकांत आधीं पॉइंट गेले, मग डिस्ट्रिब्यूटरही गेला. पुष्कळ गाड्यांत आतां प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असते. फोर्डच्या जुन्या चार कॉइलींचीच ही सुधारलेली आवृत्ति म्हणावयाची. जुनी गाडी राखणाऱ्याला मात्र तीच रीत पाळावी लागते. जुना डिस्ट्रिब्यूटर काढण्यापूर्वीं रोटरचें तोंड कोणीकडे आहे त्याची खूण करावी. खूण नसेल तर पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून भोंकावर बोट ठेवावें आणि इंजिन हातानें फिरवावें. बोटाला दाब लागत असतां पुलीची खूण जुळली, तर तीच खरी वेळ. रोटर टोपींतील पहिल्या तारेसमोर यावा. दांते तिरके असतील तर डिस्ट्रिब्यूटर उतरवितांना रोटर थोडा वळतो, तेवढा तो आधींच मागें धरावा. मग तारा रोटरच्या दिशेनें क्रमवार लावाव्या, आणि दिव्यानें वेळ ताडून पाहून मगच पट्टीचा बोल्ट आवळावा.