ना चाक, ना गुरू : ५०० वर्षांपूर्वी संपलेली मातीची कला सरपण गोळा करणाऱ्या पोराने परत कशी आणली?

साल १९७६. अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातल्या डेमिंग गावात, जुन्या वस्तूंच्या एका दुकानात स्पेन्सर मॅकॅलम या मानववंशशास्त्रज्ञाला मातीची तीन रंगीत भांडी दिसली. नक्षी अगदी पुरातन वळणाची, पण भांडी नवी. खाली कुणाची सहीसुद्धा नाही. त्याने ती विकत घेतली, त्यांचे फोटो काढले आणि ते घेऊन थेट सीमेपलीकडे मेक्सिकोत शोध सुरू केला.

हा शोध संपला माता ओर्तिस या खेड्यात, हुआन केसादा याच्या दारात.

खापराच्या तुकड्यांनी शिकवलं

माता ओर्तिस हे उत्तर मेक्सिकोच्या चिवावा राज्यातलं गाव. इथे रेल्वेचा दुरुस्ती कारखाना होता. तो दुसरीकडे हलला आणि गावाची कमाईच गेली. गावापासून जवळच पाकिमे या प्राचीन नगराचे अवशेष आहेत. १४व्या-१५व्या शतकात हे नगर भरात होतं. मातीच्या भिंतींची घरं, मकाव पोपट पाळायचे खुराडे आणि रंगीत भांडी ही त्याची ओळख. स्पॅनिश लोक येण्याआधीच ते ओस पडलं आणि भांडी घडवणारे हातही गेले. १९९८ मध्ये युनेस्कोने पाकिमेला जागतिक वारसा यादीत घेतलं.

१९४० मध्ये जन्मलेला हुआन लहानपणी गाढव घेऊन डोंगरात सरपण आणायला जायचा. तिथे त्याला रंगीत खापरं सापडायची. आपणही असं काही करून बघावं, असं त्याला वाटलं. पण शिकवणार कोण? गावात कुंभारच नव्हता. सुरुवातीची भांडी तडकायची. मग त्याने खापरांच्या तुटलेल्या कडा निरखून पाहिल्या. मातीत वाळू मिसळलेली होती! आपले कुंभार मातीत राख किंवा लीद का घालतात, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना यातली गोम लगेच कळेल. माती, रंग, ब्रश, भाजणं हे सगळं त्याने अनेक वर्षं चुकत चुकत असंच शोधलं.

भांडं बनतं कसं?

चाक नाहीच. मातीची पोळी लाटून ती खोलगट साच्यात बसवतात. तिच्या कडेवर मातीची एक जाड वळी गोल चिकटवतात आणि बोटांनी चिमटत, वर ओढत भिंत पातळ करत नेतात. नंतर करवतीच्या पात्याने खरवडणं, सुकल्यावर घासणं आणि गुळगुळीत दगडाने घोटणं. रंग लोह आणि मँगनीजच्या खनिजांपासून. ब्रश माणसाच्या केसांचा, तोही मोजक्याच केसांचा. म्हणून तर रेघ इतकी बारीक येते.

भाजायला भट्टी लागत नाही. भांड्यावर मोठं मडकं किंवा बादली पालथी घालायची, भोवती गोवऱ्या रचायच्या आणि पेटवायचं. बाहेरून हवा आत जाऊ दिली नाही तर भांडं काळं होतं. आठवड्यांची मेहनत इथे क्षणात तडकू शकते, म्हणून कारागिराची खरी धाकधूक याच वेळी असते.

मग ही नक्कल का?

सुरुवातीला काही व्यापारी ही भांडी जुनी भासवून खपवायचे, त्यामुळे शंका येणं साहजिक आहे. पण केसादाने जुनी नक्षी जशीच्या तशी उतरवली नाही. त्याची भांडी जास्त पातळ, रेषा अख्ख्या भांड्याभोवती फिरणाऱ्या. याला 'अखंड परंपरा' म्हणणंही चूकच, कारण मधली काही शतकं रिकामी आहेत.

मॅकॅलमने काही वर्षं त्याला ठरलेली रक्कम दिली. अट एकच : घाई नको, काम उत्तम हवं. केसादाने भावंडांना शिकवलं, त्यांच्याकडून शेजारी शिकले आणि आज गावातली शेकडो माणसं यावर जगतात. १९९९ मध्ये त्याला मेक्सिकोचा कला-विज्ञानाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २०२२ मध्ये त्याचं निधन झालं.

यात पाणी भरून ठेवायचं मात्र मनात आणू नका. कमी आचेवर भाजलेली आणि चकाकी न चढवलेली ही भांडी पाझरतात, ती शोभेचीच. आणि विकत घ्यायची वेळ आलीच तर आधी तळ पाहा. आता तिथे कारागिराची सही असते.