जहाज मोडले, लाकूड राहिले : मुंबईच्या सागवानाची दुसरी आयुष्ये

#थ्रेड

१/
अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या ओव्हल ऑफिसमधील छायाचित्रांत एक भक्कम, कोरीव मेज वारंवार दिसते. १९६१ मध्ये जॉन केनेडी यांच्या काळात ते या दालनात आले आणि पुढे अनेक राष्ट्राध्यक्षांनी ते वापरले. हे मेज मुळात एक मोडलेले जहाज आहे. जुन्या लाकडाला नवे रूप देण्याच्या इतिहासातील हे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. परंतु या इतिहासाचा एक मोठा अध्याय मुंबईच्या गोदीत सुरू होतो.

२/
प्रथम त्या मेजाविषयी. 'एचएमएस रेझोल्यूट' हे ब्रिटिश जहाज उत्तर ध्रुव प्रदेशात हरवलेल्या फ्रँकलिन मोहिमेच्या शोधासाठी गेले होते. ते बर्फात अडकले आणि १८५४ मध्ये खलाशांनी ते तसेच सोडून दिले. १८५५ मध्ये एका अमेरिकन देवमासे पकडणाऱ्या जहाजाला ते शेकडो मैल वाहत आलेले, निर्मनुष्य अवस्थेत सापडले. अमेरिकेने ते विकत घेऊन दुरुस्त केले आणि १८५६ मध्ये राणी व्हिक्टोरियाला परत भेट दिले.

३/
१८७९ मध्ये ते जहाज मोडण्यात आले. त्याच्या ओक लाकडातून राणीने एक मेज बनवून घेतले आणि १८८० मध्ये राष्ट्राध्यक्ष हेज यांना पाठवले. मेजावर एक धातूची पट्टी जडवलेली आहे आणि तिच्यावर जहाजाची ही सारी हकीकत कोरलेली आहे. ही पट्टी लक्षात ठेवावी. जुन्या लाकडाचे मोल पुष्कळदा अशा पट्टीवरून ठरते आणि पट्टीवर कोणाचे नाव येते, हाच या कथेतील कळीचा प्रश्न आहे.

४/
जहाजाचे लाकूड पुन्हा वापरण्याची प्रथा मात्र राणीने सुरू केलेली नव्हती. आरमारातून निवृत्त झालेले जहाज लिलावात विकले जाई. जहाजे मोडणारे व्यापारी त्यातील तांबे, लोखंड आणि लाकूड वेगळे करून विकत. ट्रफाल्गरच्या लढाईत (१८०५) लढलेले 'टेमेरेर' १८३८ मध्ये लंडनजवळ रॉदरहाइथ येथे मोडले गेले. चित्रकार टर्नरने त्याचा अखेरचा प्रवास रंगवला. त्याच्या लाकडातून बनवलेल्या दोन खुर्च्या आणि वेदीचे मेज रॉदरहाइथच्या चर्चमध्ये आजही आहेत.

५/
पुढे हा मोठा धंदा झाला. लंडनमध्ये थेम्सच्या काठी कॅसल नावाच्या कुटुंबाची जहाजे मोडण्याची वखार होती. तेथे जुन्या युद्धनौकांच्या सागवानातून बागेतील बाके, खुर्च्या आणि मेजे तयार होत. प्रत्येक वस्तूवर एक छोटी पितळी पट्टी असे आणि तिच्यावर लाकूड कोणत्या जहाजाचे, ते लिहिलेले असे. गिऱ्हाईक बाक विकत घेई आणि त्यासोबत आरमाराच्या पराक्रमाचा एक तुकडाही घरी नेई.

६/
येथे एक प्रश्न उभा राहतो. इंग्लंडच्या जंगलात सागवान उगवत नाही. ब्रिटिश आरमाराचे पारंपरिक लाकूड म्हणजे ओक. मग लंडनच्या बागांत सागवानी बाके आली कोठून? त्या सागवानाचा काही भाग ब्रह्मदेश आणि मलबारहून व्यापारी मालाच्या रूपाने इंग्लंडात गेला होता. परंतु काही भाग अखंड जहाजांच्या रूपाने, मुंबईहून गेला होता.

७/
१७३६ मध्ये लवजी नसरवानजी वाडिया हे पारशी सुतार सुरतेहून मुंबईस आले आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या गोदीत जहाजे बांधू लागले. १७५० मध्ये मुंबईत कोरडी गोदी तयार झाली. पुढे कित्येक पिढ्या वाडिया घराण्याकडेच गोदीच्या मुख्य बांधणीकाराचे पद राहिले. १८१० मध्ये येथून 'एचएमएस मिंडेन' पाण्यात उतरले. ब्रिटनबाहेर बांधलेली ब्रिटिश आरमाराची ही पहिली मोठी युद्धनौका. तिचे बांधणीकार होते जमशेटजी बमनजी वाडिया.

८/
आरमाराला मुंबईकडे वळावे लागले, त्याचे कारण लाकूडच. नेपोलियनविरुद्धच्या युद्धांत इंग्लंडातील ओकची टंचाई भासू लागली होती. शिवाय ओकमध्ये टॅनिक आम्ल असते. ते लोखंडी खिळे आणि बोल्ट कुरतडते. सागवानात नैसर्गिक तेल असते. त्यामुळे लोखंड टिकते, वाळवी सहजासहजी लागत नाही आणि ओल-ऊन सोसूनही फळी फारशी वाकत नाही. मुंबईची जहाजे दीर्घायुषी म्हणून नावाजली, ती या गुणांमुळे.

९/
जहाज टिकवणारे हेच गुण त्याच्या लाकडाला दुसरे आयुष्य देतात. ताजे लाकूड वाळताना आक्रसते, पिळवटते, तडकते. शंभर वर्षे जहाजात राहिलेल्या तुळईचे जे आक्रसणे व्हायचे ते होऊन गेलेले असते. अशा लाकडाचे कपाट केले तर त्याचे खण पावसाळ्यात सहसा अडत नाहीत, दारे झोळत नाहीत. जुन्या वाड्याच्या तुळया आणि दरवाजे विकत घेणारा पुण्या-मुंबईतील सुतारही नेमके हेच हेरत असतो.

१०/
अर्थात हे काम सोपे नव्हे. जुन्या तुळईत तुटलेले खिळे खोल दडलेले असतात. एक जरी राहिला तरी करवतीचे दाते आणि रंध्याचे पाते जाते. म्हणून आधी प्रत्येक फूटभर लाकूड तपासून खिळे उपटावे लागतात. मग वरचा काळवंडलेला थर काढला की आतून सोनेरी, तेलकट सागवान उजळते. लोखंडाच्या भोवती पडलेले काळे डाग मात्र सहसा जात नाहीत. कुशल कारागीर ते लपवत नाही. खिळ्यांची भोके लाकडी गुट्ट्यांनी बुजवतो आणि डाग तसेच ठेवतो.

११/
आता मुंबईच्या एका जहाजाची कथा. १८१२ मध्ये आरमाराने मुंबईला एका फ्रिगेटची मागणी नोंदवली. तिचे नकाशे 'एचएमएस जावा' या जहाजातून निघाले. पण वाटेत अमेरिकन युद्धनौकेने 'जावा'चा पाडाव केला आणि नकाशे मुंबईस पोहोचलेच नाहीत. नव्या प्रती पाठवण्यात आल्या आणि १८१६ मध्ये बांधणी सुरू झाली. पारशी रिवाजाप्रमाणे जहाजाच्या तळाच्या कण्यात चांदीचा खिळा ठोकण्यात आला. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी, मलबारच्या सागवानाचे 'एचएमएस ट्रिंकोमाली' मुंबईच्या पाण्यात उतरले.

१२/
तिच्या भगिनींचे पुढे काय झाले? मुंबईचे 'कॉर्नवॉलिस' (१८१३) हे तेच जहाज, ज्यावर १८४२ मध्ये नानकिंगचा तह झाला आणि हाँगकाँग ब्रिटिशांकडे गेले. उतारवयात ते इंग्लंडात शीअरनेस येथे चक्क धक्का म्हणून वापरले गेले आणि १९५७ मध्ये मोडले. 'वेलस्ली' (१८१५) १९४० मध्ये जर्मन बॉम्बहल्ल्यात थेम्समध्ये बुडाले. ते वर काढून मोडल्यावर त्याचे काही लाकूड लंडनच्या न्यायालयाच्या इमारतीच्या दुरुस्तीत गेले.

१३/
'गंगा' नदीचे नाव ल्यालेले 'एचएमएस गँजेस' (१८२१) हेही मुंबईचेच. खलाशी मुलांना शिकवणारे जहाज म्हणून त्याने दीर्घकाळ काढला. १९३० मध्ये ते मोडले, तेव्हा त्याची कप्तानाची खोली डेव्हन किनाऱ्यावरील बर्ग आयलंड हॉटेलात बसवण्यात आली. मुंबईत बांधलेली ती खोली आता पाहुण्यांच्या स्वागतासाठी आहे.

१४/
लंडनच्या प्रसिद्ध 'लिबर्टी' दुकानाची कथा याच्या नेमकी उलट आहे. १९२४ मध्ये उभ्या राहिलेल्या त्या इमारतीत 'इम्प्रेग्नेबल' आणि 'हिंदुस्तान' या दोन जहाजांचे लाकूड आहे. नाव वाचून हिंदुस्थानी मनाला अभिमान वाटावा. पण 'हिंदुस्तान' बांधले गेले होते प्लिमथला. म्हणजे नाव भारताचे, बांधणी इंग्लंडची. आणि कॉर्नवॉलिस, वेलस्ली ही नावे ब्रिटिश गव्हर्नर-जनरलांच्या घराण्यांची, पण ती जहाजे मुंबईची. जहाजाच्या नावावरून त्याचे मूळ कळत नाही, ते असे.

१५/
'ट्रिंकोमाली' मात्र वाचली, आणि ती दुसऱ्या एका जहाजाच्या मृत्यूनंतर. नेल्सनचे निशाण काही काळ मिरवलेले 'फूद्रॉयां' १८९२ मध्ये भंगारात निघाले आणि जर्मन व्यापाऱ्यांच्या हाती गेले. ब्रिटनमध्ये संतापाची लाट उसळली. तेव्हा व्हीटली कॉब नावाच्या धनिकाने ते विकत घेऊन दुरुस्त केले आणि खर्च भरून काढण्यासाठी समुद्रकिनाऱ्यावरील गावोगावी दाखवायला नेले. जून १८९७ मध्ये ब्लॅकपूल येथे वादळात त्याचा नांगर सुटला आणि जहाज वाळूवर आदळले. खलाशी वाचले, जहाज गेले.

१६/
मोडक्या 'फूद्रॉयां'च्या ओकमधून खुर्च्या, मेजे, भिंतींची तक्तपोशी आणि तांब्यातून स्मरणपदके तयार झाली. नेल्सनचे नाव जोडलेले असल्याने ती लोकांनी हौसेने घेतली. ब्रिटिश लिलावांत ती अजूनही निघतात. इकडे त्याच १८९७ साली आरमाराने म्हातारी 'ट्रिंकोमाली' जहाजे मोडणाऱ्याला विकली होती. कॉबने ती सोडवली, दुरुस्त केली आणि आपल्या बुडालेल्या जहाजाच्या स्मरणार्थ तिचे नाव ठेवले 'फूद्रॉयां'.

१७/
त्यानंतर सुमारे नव्वद वर्षे मुंबईच्या या जहाजाने परक्या नावाखाली काढली. मुलांच्या पिढ्याच्या पिढ्या तिच्यावर दर्यावर्दीपणा शिकल्या. १९८६ मध्ये ते काम थांबले, जहाज इंग्लंडच्या ईशान्येस हार्टलपूलला नेण्यात आले आणि दीर्घ जीर्णोद्धार सुरू झाला. १९९२ मध्ये तिला तिचे मूळ नाव परत मिळाले. ब्रिटनची तरंगती असलेली ही सर्वांत जुनी युद्धनौका आहे आणि तिच्यातील निम्म्याहून अधिक लाकूड आजही १८१७ चेच आहे.

१८/
आपले नाव टिकणार नाही, हे मुंबईच्या कारागिरांना ठाऊक असावे. जमशेटजींविषयी एक आख्यायिका सांगितली जाते. १८०० मध्ये बांधलेल्या 'कॉर्नवॉलिस' नावाच्या आधीच्या एका फ्रिगेटच्या आत, कोणाला दिसणार नाही अशा तुळईवर त्यांनी एक ओळ कोरून ठेवली : हे जहाज एका काळ्या माणसाने बांधले. गोऱ्या अधिकाऱ्यांच्या तोंडी असलेली शिवीही त्यांनी त्यात जशीच्या तशी ठेवली. काही वर्षांनी जहाज दुरुस्तीला आले, तेव्हा त्यांनी ती ओळ सर्वांना दाखवली. कथा शब्दशः खरी असो वा नसो, पट्टी कोणाची लागते याचे भान तीत पुरेपूर आहे.

१९/
एक नाव तर कोणत्याच पट्टीवर आले नाही : जंगलाचे. एका मोठ्या युद्धनौकेला शेकडो पक्की झाडे लागत. सागवानाच्या या भुकेपोटी कंपनीने १८०६ मध्ये मलबारात कॅप्टन वॉटसन यांना वनसंरक्षक नेमले आणि लाकडाची मक्तेदारी लादली. 'संरक्षण' आरमाराच्या पुरवठ्याचे होते. स्थानिक व्यापारी आणि रयत यांची मात्र आपल्याच झाडांवरील सत्ता गेली. असंतोष वाढला आणि १८२३ मध्ये ते पद रद्द झाले. तोवर सहज हाती येणारी जंगले विरळ झाली होती.

२०/
१८४० च्या दशकात मलबारचे कलेक्टर कॉनोली आणि त्यांचे सहकारी चातू मेनन यांनी निलांबूर येथे सागवानाची लागवड केली, ती या ऱ्हासावरचा उपाय म्हणूनच. जगातील सर्वांत जुन्या सागवान-लागवडींत तिची गणना होते. सागवान पक्के होण्यास साठ-ऐंशी वर्षे लागतात. म्हणजे झाड लावणारा ते तोडताना बहुधा पाहत नाही. तोडलेले लाकूड एका वापरानंतर जाळणे ही केवढी उधळपट्टी, हे या हिशोबावरून कळते.

२१/
काळाचे चक्र पुढे उलटे फिरले. एकेकाळी मुंबईची जहाजे इंग्लंडात मोडली जात; आता जगाची जहाजे भारतात मोडली जातात. मुंबईच्या दारूखान्यात हे काम दीर्घकाळ चालत आले. १९८३ पासून गुजरातमधील अलंग हे त्याचे जगातील एक मोठे केंद्र बनले. अलंगच्या रस्त्यालगत मैलोन्मैल दुकाने आहेत : जहाजांतील कपाटे, खणांची मेजे, पलंग, दारे, स्वयंपाकघराची मांडणी. कमी पैशांत घर सजवू पाहणाऱ्या कित्येक कुटुंबांच्या घरी या वस्तू आहेत. त्या सुट्या करताना मजुरांनी जीव धोक्यात घातलेला असतो. तेही पट्टीवर लिहिले जात नाही.

२२/
भारतीयांनाही पट्टीचे आकर्षण आहेच. विमानवाहू 'विक्रांत' २०१४ मध्ये दारूखान्यात मोडली गेली आणि तिच्या पोलादाचा अंश वापरून २०१६ मध्ये 'बजाज व्ही' ही मोटरसायकल बाजारात आली. रेझोल्यूटचे मेज, कॅसलचे बाक आणि ही मोटरसायकल यांमागची भावना एकच : मोडलेल्या गौरवाचा तुकडा रोजच्या वापरात असावा.

२३/
ही भावना खोटी नाही, पण अपुरी आहे. आज पाडल्या जाणाऱ्या वाड्यांचे, चाळींचे, गिरण्यांचे सागवान वखारींत येते आणि कोणाच्या तरी घरी पुस्तकांची मांडणी किंवा धान्याचे कपाट होऊन उभे राहते. तुळई कोणत्या वाड्याची, वाडा कोणत्या पेठेतला, पाडला केव्हा, कपाट केले कोणत्या सुताराने, ही माहिती त्या दिवशी सर्वांना ठाऊक असते. वीस वर्षांनी ती कोणालाच ठाऊक नसते.

२४/
त्यावरचा उपाय जमशेटजींच्या आख्यायिकेतच आहे. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूस, कोणाला दिसणार नाही अशा जागी, चार ओळी पेन्सिलीने लिहून ठेवाव्यात : लाकूड कोठले, साल कोणते, सुताराचे नाव काय. पुढे कधीतरी ते कपाटही मोडले जाईल आणि कोणीतरी त्याच्या फळ्या सुट्या करील. त्या ओळी तेव्हा वाचल्या जातील.