साडेसातशे रुपयांचा कॅमेरा : दादासाहेब फाळके यांच्या पहिल्या खरेदीचा हिशेब

१/ नाशिकमध्ये लग्नसमारंभांचे चित्रण करून व्यवसायास आरंभ करू पाहणाऱ्या तरुणापुढे आज पहिला प्रश्न हा असतो : हाती पैसे मोजके आहेत, मग कॅमेरा कोणता घ्यावा? याच जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वर येथे ३० एप्रिल १८७० रोजी जन्मलेल्या धुंडिराज गोविंद फाळके यांच्यापुढे १९१२ साली हाच प्रश्न उभा होता. हा धागा त्यांच्या त्या खरेदीविषयी.

२/ फाळके तेव्हा चाळिशी ओलांडलेले होते. जे. जे. कलाशाळा, बडोद्याचे कलाभवन, छायाचित्रणाचा धंदा, पुरातत्त्व खात्यातील नोकरी, लोणावळ्याचा छापखाना असा त्यांचा प्रवास झाला होता. छापखान्यातून ते भागीदारांशी मतभेद होऊन बाहेर पडले होते. नियमित उत्पन्न नव्हते. अशा वेळी मुंबईत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला आणि आपल्या देवदेवता पडद्यावर आणण्याचा ध्यास घेतला.

३/ त्यांच्यापूर्वी मुंबईत कॅमेरा आलाच नव्हता असे नाही. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी इंग्लंडहून कॅमेरा मागवून १८९९ साली हँगिंग गार्डनमधील कुस्तीचे चित्रण केले होते. घडते तसे प्रसंग टिपण्यास तो पुरेसा होता. परंतु कथापट उभा करून त्यावर संसार चालवायचा, तर गरज निराळी होती.

४/ दुसरा मार्ग होता दुसऱ्याच्या कॅमेऱ्यावर काम करण्याचा. दादासाहेब तोरणे यांचा ‘पुंडलिक’ १८ मे १९१२ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये झळकला. त्याचे चित्रण परदेशी छायाचित्रकाराने केले आणि फिल्म धुण्यासाठी लंडनला पाठवावी लागली. यात भांडवल कमी लागते, पण एखादे दृश्य बिघडले आहे हे कळेपर्यंत कित्येक आठवडे निघून जातात, आणि विद्या आपल्या हाती येत नाही ती नाहीच.

५/ फाळक्यांनी तिसरा मार्ग धरला : सर्व क्रिया आपल्या घरात. त्यासाठी त्यांनी आपल्या १२,००० रुपयांच्या विमा पॉलिसी गहाण ठेवून १०,००० रुपये उभे केले. छायाचित्रणाच्या साहित्याचे व्यापारी यशवंतराव नाडकर्णी यांचे त्यांस साहाय्य झाले. १ फेब्रुवारी १९१२ रोजी ते लंडनला निघाले. कुटुंबावर आपत्ती आली असती तर जो आधार उरायचा, तोच त्यांनी पणास लावला होता.

६/ लंडनमध्ये त्यांनी थेट दुकान गाठले नाही. ते ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाचे वर्गणीदार होते. त्याच्या संपादकांना जाऊन भेटले. संपादकांनी आधी त्यांना परावृत्त करण्याचा प्रयत्न केला. ऐकत नाहीत असे पाहून त्यांनी निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्याशी गाठ घालून दिली. हेपवर्थ यांनी वॉल्टन येथील आपल्या चित्रशाळेचे सर्व विभाग त्यांना दाखविले. खरेदी झाली ती या दोघांच्या सल्ल्यानंतर.

७/ निवड झाली विल्यमसन कॅमेऱ्याची. जेम्स विल्यमसन हे मूळचे औषधविक्रेते. पुढे ते चित्रपटकार आणि मग उपकरणांचे कारखानदार झाले. कॅमेरा हाताने दांडा फिरवून चालविण्याचा. किंमत ५० पौंड. त्या काळी पौंडाचा दर १५ रुपये होता, म्हणजे ७५० रुपये. उभ्या केलेल्या १०,००० रुपयांशी ताडून पाहा : साडेसात टक्के!

८/ मग उरलेली रक्कम कशासाठी? लंडनचा प्रवास होता, घरखर्च होता. शिवाय कॅमेऱ्यासोबत कोडॅकची कोरी फिल्म आणि ती छिद्रित करण्याचे यंत्र मागवावे लागले. फिल्मच्या कडेची छिद्रे कॅमेऱ्यातील दात्यांत अडकतात, तेव्हाच ती पुढे सरकते. कोरी फिल्म मात्र छिद्रांवाचून येई. ती पाडण्याचे काम अंधारातच करणे भाग, कारण प्रकाश लागला की फिल्म वाया.

९/ हे काम कोणी केले? सरस्वतीबाई फाळके यांनी. छिद्रे पाडणे, रसायने तयार करणे, फिल्म धुणे हे सारे त्या पतीकडून शिकल्या. दिवसा मंडळींचा स्वयंपाक, रात्री अंधाऱ्या खोलीत फिल्म. वेळ आली तेव्हा त्यांनी दागिनेही दिले. बाईंच्या या श्रमांना दरपत्रकात रकाना नव्हता. त्यांची मजुरी हिशेबात धरली असती, तर ७५० रुपयांचा कॅमेरा स्वस्त म्हणता आला नसता.

१०/ फिल्मचे गणित त्याहून कठोर. एका फुटात १६ चौकटी मावतात. सेकंदाला १६ चौकटींच्या गतीने चित्रण केले, तर प्रत्येक सेकंदाला एक फूट फिल्म संपते. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी ३,७०० फूट. मूळ निगेटिव्ह तेवढी, प्रत्येक प्रत पुन्हा तेवढी, आणि फसलेली दृश्ये वेगळीच. कॅमेरा एकदाच घ्यायचा होता. फिल्म रोज लागणार होती.

११/ म्हणून सामान आल्यावर त्यांनी लगेच मोठा पट हाती घेतला नाही. कुंडीतले बीज रुजून वेल होईपर्यंतची वाढ थोड्या थोड्या अंतराने टिपून त्यांनी ‘अंकुराची वाढ’ हा चिमुकला पट केला. फिल्म लागली अगदी थोडी, आणि यंत्र, रसायने व स्वतःचा हात या तिघांचीही परीक्षा झाली. तो पाहूनच धनको पुढील कर्ज देण्यास राजी झाले.

१२/ त्यानंतर दादरच्या राहत्या जागेत ‘राजा हरिश्चंद्र’ आकारास आला. ३ मे १९१३ रोजी तो कॉरोनेशनमध्ये प्रेक्षकांसाठी लागला. त्याच वर्षी फाळक्यांनी बिऱ्हाड व कारखाना नाशिकला हलविला आणि ‘मोहिनी भस्मासुर’ येथे केला. १९१८ साली भागीदारांसह हिंदुस्थान फिल्म कंपनी नाशिकमध्येच स्थापन झाली.

१३/ फाळक्यांची आर्थिक ओढाताण मात्र यानंतरही संपली नाही. भागीदारांशी वाद झाले, बोलपट आले आणि मूकपटांचा बाजार उठला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. योग्य यंत्र निवडले म्हणजे आयुष्यभराची निश्चिंती झाली, असा निष्कर्ष त्यांच्या चरित्रातून निघत नाही.

१४/ निघतो तो एवढाच : आधी काम कोणते करायचे ते ठरले, मग जाणकारांना विचारले, मग मध्यम किमतीचे यंत्र घेतले, आणि त्यामागच्या साखळीसाठी पैसा व माणसे राखून ठेवली. आज फिल्मच्या जागी मेमरी कार्ड, बॅटऱ्या, माइक आणि संकलनाचा संगणक आहे. पांडवलेणीच्या पायथ्याशी फाळके स्मारकात जाल, तेव्हा दादासाहेबांबरोबर अंधाऱ्या खोलीत फिल्मला छिद्रे पाडणाऱ्या सरस्वतीबाईंचीही आठवण ठेवा.