पोटातल्या दिवसांचा हिशेब

दिवस भरण्याआधी जन्मलेल्या मुलाची फुप्फुसे कच्ची असतात. हवेच्या पिशव्या मिटू न देणारे द्रव्य त्यांत कमी पडते, हे १९५९ साली अमेरिकेत डॉ. मेरी एलन एव्हरी व डॉ. मीड यांनी दाखविले. पुढे यंत्राने श्वास व भरपूर प्राणवायू देऊन अशी मुले वाचू लागली. पण १९६७ साली स्टॅनफर्डच्या डॉ. नॉर्थवे व सहकाऱ्यांना आढळले, की वाचलेल्यांतील काहींची फुप्फुसे जायबंदी झाली आहेत, आणि संशय त्या उपचारावरच येतो!

हे दुखणे कोणाला चिकटून राहील, हे कसे ओळखावे? आधी जन्मापासून २८ दिवस मोजीत. पण सहाव्या महिन्यातले मूल आणि आठव्यातले, दोघांना एकच माप कसे लागावे? १९८८ साली टोरांटोच्या डॉ. शेनन व सहकाऱ्यांनी पोटातले दिवसही हिशेबात धरले. असे ३६ आठवडे भरल्यावरही ज्याला वरून प्राणवायू लागतो, त्याच्या छातीला पुढे धोका अधिक, असे त्यांना दिसले.

आता गर्भाचे वय, वजन व प्राणवायूची गरज पाहून पहिल्या काही दिवसांतच अंदाज बांधता येतो. तो अंदाज म्हणजे काही विधिलिखित नव्हे. कोणत्या बाळाला अधिक जपायचे, एवढे तो वेळेवर सांगतो.